पडद्याबरहुकूम चिलखत

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दूरच्या आकाशगंगेतील एका जुलमी साम्राज्याचे सैनिक त्यात नखशिखांत पांढऱ्या चिलखतात वावरताना दिसतात. या सैनिकांना 'स्टॉर्मट्रूपर' असे नाव आहे. ते कथेतले नायक नव्हेत, आणि शिरस्त्राणामुळे त्यांचे चेहरेही प्रेक्षकांना दिसत नाहीत. तरीही त्यांच्या वेषाने प्रेक्षकांच्या मनाची अशी काही पकड घेतली की, आज जगातील अनेक देशांत शिक्षक, परिचारिका, अभियंते, दुकानदार अशी सामान्य माणसे तेच चिलखत स्वतःच्या घरी, फावल्या वेळात, महिनोन्‌महिने खपून तयार करतात.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु या उद्योगाचे नियम कडक आहेत. केवळ पांढरा पोशाख आणि मुखवटा चढवून तेथे भागत नाही. चिलखताचा प्रत्येक भाग, त्यावरील प्रत्येक खाच, बटण आणि रंगाची रेघ पडद्यावर जशी दिसते तशीच उतरली पाहिजे, असा आग्रह असतो. अशा वेषाला 'पडद्याबरहुकूम' म्हणता येईल. हा बरहुकूमपणा म्हणजे नेमके काय, तो कोणत्या साधनांनी साधतो आणि त्यासाठी एवढे कष्ट कशासाठी घेतले जातात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मूळ चिलखताचा जन्म

या चिलखताची कल्पना प्रथम राल्फ मॅकक्वॅरी या चित्रकाराच्या चित्रांत उतरली. त्या चित्रांवरून १९७६ च्या प्रारंभी इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. लंडनजवळील एल्स्ट्री येथील चित्रपटगृहांत, म्हणजे स्टुडिओत, ब्रायन म्यूर या शिल्पकाराने अंगावरील चिलखताचे भाग मातीत घडविले. शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेम्बर्टन यांनी केला आणि त्यावरून ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ यांनी आपल्या कार्यशाळेत प्लॅस्टिकची शिरस्त्राणे काढली. वेषभूषेची एकंदर जबाबदारी जॉन मोलो यांच्याकडे होती. या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे चिलखत पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून केलेले नव्हते. मार्च महिन्यात ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू व्हावयाचे होते. वेळ थोडा होता आणि पैसाही बेताचा होता. कॅमेऱ्यापुढे काही सेकंद खरे वाटले म्हणजे पुरे, एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे मूळ चिलखतात घाईच्या खुणा ठायी ठायी आढळतात. शिरस्त्राणाची डावी व उजवी बाजू सारखी नाही, कारण ते हाताने घडविलेल्या मातीवरून काढलेले आहे. त्यावरील करड्या व काळ्या खुणा हातानेच रंगविलेल्या असल्यामुळे एका सैनिकाच्या खुणा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. कडा कापताना कोठे कात्री सरळ गेली, कोठे वाकडी. शिरस्त्राणातून बाहेरचे दिसतही फार थोडे. याच चित्रपटात एका सैनिकाचे डोके दाराच्या वरच्या कडेवर आपटते, आणि तो प्रसंग चाहत्यांत प्रसिद्ध आहे.

प्रमाण कोणते मानावे?

घरी चिलखत करू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो हाच. मूळ वस्तूतच दोष असतील, तर ते सुधारावेत की जसेच्या तसे ठेवावेत? या क्षेत्रातील जाणकारांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: दोष सुधारू नयेत. दोन्ही बाजू नीट सारख्या करून घडविलेले शिरस्त्राण अधिक सुबक असेल, पण ते त्या चित्रपटातले राहणार नाही. जुन्या पोथीचा संपादक लेखकाचे व्याकरण सुधारीत बसत नाही. उपलब्ध प्रती ताडून मूळ पाठ कोणता असावा, हे तो ठरवितो. चिलखत करणाऱ्याची भूमिका याहून फारशी निराळी नाही.

त्याची साधनेही संपादकाच्या साधनांसारखीच आहेत. चित्रपटातील स्थिर चौकटी, चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली छायाचित्रे, तसेच प्रदर्शनांत आणि लिलावांत पाहावयास मिळालेल्या मूळ वस्तू यांची तुलना करून एकेक तपशील निश्चित केला जातो. त्यातून पाठभेदही उघडकीस येतात. १९७७ च्या चित्रपटात दोन प्रकारची शिरस्त्राणे होती. मारामारीच्या व गर्दीच्या दृश्यांसाठी केलेली शिरस्त्राणे एका प्रकारच्या प्लॅस्टिकवर पांढरा रंग देऊन केलेली होती व त्यांच्या डोळ्यांची भिंगे सपाट होती. कॅमेऱ्याच्या जवळ येणाऱ्या प्रमुख नटांची शिरस्त्राणे मात्र मुळातच पांढऱ्या असलेल्या एबीएस प्लॅस्टिकची होती आणि त्यांची भिंगे फुगीर होती. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात हाताने रंगविलेल्या काही खुणांच्या जागी छापील चिकटपट्ट्या आल्या. म्हणून कर्त्याने प्रारंभीच एक चित्रपट व एक प्रकार निवडावा लागतो. एका चित्रपटातील खुणा आणि दुसऱ्यातील भिंगे यांची सरमिसळ झाली की, जाणकाराच्या दृष्टीने तो वेष अशुद्ध ठरतो.

साचा आणि पत्रा

मूळ चिलखत ज्या पद्धतीने तयार झाले, तीच पद्धत आजही सर्वांत विश्वसनीय मानली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. काही प्लॅस्टिके उष्णतेने मऊ होतात व थंड होताच पुन्हा कडक होतात. एबीएस हे असेच एक प्लॅस्टिक होय. त्याचा साधारण दोन मिलीमीटर जाडीचा पत्रा चौकटीत घट्ट बसवून तापवितात. सुमारे १०५ अंश सेल्सियसला ते मऊ होऊ लागते. परंतु साच्यावर नीट बसण्यासाठी त्याला याहून बरीच अधिक उष्णता द्यावी लागते. पत्रा मध्यभागी झोळीसारखा लोंबू लागला की, तो चटकन साच्यावर दाबतात आणि साच्याखालच्या छिद्रांतून हवा ओढून घेतात. आतली हवा निघून जाताच बाहेरच्या हवेचा दाब पत्र्याला साच्यावर सर्व बाजूंनी चेपून बसवितो. काही क्षणांत पत्रा थंड होतो आणि साच्याचा आकार कायमचा धारण करतो.

याचे लहान यंत्र घरी उभारता येते. भोके पाडलेल्या फळीची एक पेटी, तिला जोडलेला धूळ ओढण्याचा विजेचा पंप आणि पत्रा तापविण्यासाठी भट्टी, एवढ्यावर लहान भाग निघू शकतात. मात्र छातीचा किंवा मांडीचा भाग काढण्याइतके मोठे यंत्र सगळ्यांना झेपत नाही. म्हणून पुष्कळ जण आकार दिलेल्या, परंतु न कापलेल्या पत्र्यांचा संच विकत घेतात आणि त्यापुढचे सारे काम घरी करतात.

हा संच कोणत्या साच्यावरून निघाला, याला फार महत्त्व आहे. मूळ भागावरून साचा घेतला, त्या साच्यावरून भाग काढला, आणि त्या भागावरून पुन्हा कोणी साचा घेतला, तर दर पिढीगणिक आकारात थोडा फरक पडतो व कडा बोथट होत जातात. नकलेवरून नक्कल केलेल्या पोथीत चुका साठत जातात, तसाच हा प्रकार. त्यामुळे जाणकार मंडळी साच्यांची वंशावळ ठेवतात. दुसऱ्याने परिश्रमपूर्वक तयार केलेल्या भागावरून परवानगीवाचून साचा घेऊन तो विकणे या मंडळींत निंद्य समजले जाते.

कापणे, बेतणे, जोडणे

संच हाती आला म्हणजे चिलखत आले, असे मात्र नाही. खरे काम येथून पुढे सुरू होते. शिरस्त्राण, छाती, पाठ, पोट, कमरेचा मागील भाग, खांदे, दंड, मनगटापर्यंतचा हात, मांड्या, पोटऱ्या, पट्टा असे सारे भाग जादा कडांसह येतात. धारदार सुरीने पत्र्यावर रेघ ओढून, मग पत्रा त्या रेघेवर वाकविला की तो स्वच्छ तुटतो. वळणाच्या जागी जाड पत्रा कापणारी वाकडी कात्री वापरतात. शेवटी कानस व पॉलिशपेपर यांनी कडा गुळगुळीत कराव्या लागतात. येथील नियम शिंप्याचाच आहे: दोनदा मोजावे आणि एकदाच कापावे. कापून गेलेला पत्रा परत येत नाही.

त्यानंतर बेताचा प्रश्न येतो. मूळ चिलखत १९७६ साली निवडलेल्या सडपातळ बांध्याच्या पुरुषांसाठी होते. आजचा कर्ता त्याहून बुटका, उंच, स्थूल किंवा स्त्री असू शकेल. हात व पाय यांचे भाग दोन अर्ध्या नळ्यांच्या रूपात येतात. कृश माणसाने दोन्ही अर्ध्यांच्या कडा सारख्या प्रमाणात कापून नळी अरुंद करावयाची असते, तर स्थूल माणसाने मागच्या सांध्यात जादा पट्टी घालून ती रुंद करावयाची. कड एकाच बाजूची कापली, तर मधला उंचवटा सरकतो आणि सारा भाग फिरल्यासारखा दिसतो. दोन अर्ध्या एकमेकींवर न चढविता कडेला कड भिडवून ठेवतात आणि त्यांच्यावर पंधरा ते पंचवीस मिलीमीटर रुंदीची जोडपट्टी बसवितात. १९७७ च्या चित्रपटात हे सांधे असेच दिसतात.

जोडण्यासाठी रबरासारखा लवचीक राहणारा, सावकाश सुकणारा गोंद निवडतात. तो पक्का होण्यास एक ते तीन दिवस लागतात. तोवर सांधा चिमटे, चिकटपट्टी आणि लोहचुंबकांच्या जोड्या यांनी दाबून ठेवावा लागतो. क्षणात पकडणारा गोंद सोयीचा वाटतो खरा. परंतु तो ठिसूळ असतो व चूक झाल्यास सांधा सोडविता येत नाही. सावकाश सुकणारा गोंद कर्त्याला चूक दुरुस्त करण्याची संधी देतो. म्हणूनच अनुभवी माणसे नवख्याला घाई न करण्याचा सल्ला देतात.

सर्वांत कमी दिसणारे, पण सर्वांत जास्त डोके खाणारे काम म्हणजे हे सारे भाग अंगावर टांगणे. बाहेरून कोणतेही बंद दिसता कामा नयेत. म्हणून आतल्या बाजूला इलॅस्टिकच्या पट्ट्या, नायलॉनचे पट्टे व टिचबटणे बसवितात. खांद्यावरून छाती व पाठ लटकतात, त्यांना पोट व कंबर जोडलेली असतात आणि कमरेच्या आतल्या पट्ट्याला मांड्या टांगलेल्या असतात. पट्टा बोटभर सैल राहिला तर चालताना पोट आणि कंबर यांच्यामध्ये काळ्या अंगरख्याची फट दिसते. फार आवळला तर श्वास घेणे अवघड होते. इतके करूनही या वेषात नीट बसता येत नाही. वाकणे आणि जिना चढणे यांचाही सराव करावा लागतो.

शिरस्त्राण व शस्त्र

शिरस्त्राणाचे मुख्य भाग चार: पुढचा चेहरा, मागील भागासह वरची टोपी, आणि दोन कान. चेहरा व टोपी यांचा सांधा झाकणे हे कानांचे काम. टोपीचा वक्र आणि कानाची कड जुळविण्यासाठी कान थोडा थोडा घासून पुनःपुन्हा लावून पाहावा लागतो. यातच कित्येकांच्या दोन-तीन संध्याकाळी जातात. तोंडाजवळच्या दोन लहान नळकांड्या मूळ शिरस्त्राणावर होवी कंपनीच्या ध्वनिग्राहकांची टोके होती. बाजारातील साध्या वस्तू उचलून त्यांना परग्रहावरील रूप देणे ही या चित्रपटाच्या कारागिरांची नेहमीची युक्ती होती.

सैनिकांच्या हातातील शस्त्राबाबतही हेच घडले. त्याचा सांगाडा ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइनचा होता; त्यावर जुन्या रणगाड्याची दुर्बीण व एक गणकयंत्र बसविलेले होते. हीच स्टर्लिंग कार्बाइन भारतीय सैन्यासाठी कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यातही तयार होत असे, ही गोष्ट भारतीय वाचकास कुतूहलाची वाटेल. घरी करावयाची प्रतिकृती अर्थातच नळाच्या पाइपची, लाकडाची किंवा राळेची असते. ती खऱ्या शस्त्रासारखी दिसत असल्यामुळे सार्वजनिक ठिकाणी उघडी नेणे धोक्याचे ठरते, याचे भान ठेवले पाहिजे.

अन्य मार्ग आणि त्यांचे धोके

ज्यांना पत्र्याचा संच परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. पादत्राणांच्या तळव्यांत वापरला जाणारा ईव्हीए फोम कापून, तापवून व जोडून हलके चिलखत करता येते. मात्र पांढऱ्या प्लॅस्टिकची काचेसारखी चकाकी त्यावर सहजी येत नाही. दुसऱ्या पद्धतीत संगणकावरील आराखडा कागदावर उतरवून, घड्या घालून जाड कागदाचे कवच करतात व ते फायबरग्लास आणि राळ यांनी बळकट करतात. अलीकडे त्रिमितीय मुद्रणयंत्राचा प्रसार झाला आहे. या यंत्रातून शिरस्त्राण थराथराने छापून निघते. थरांच्या रेघा घालविण्यासाठी लांबी भरणे, घासणे व अस्तराचा रंग देणे हे चक्र अनेकदा फिरवावे लागते.

भारतीय हवामानात यांतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुद्रणासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवलेले शिरस्त्राण संध्याकाळी वाकलेले आढळल्यास नवल नाही. आपल्याकडे असे वेष करणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांत ते पाहावयास मिळतात.

आरोग्याचा विचार तर सर्वांत आधी करावयास हवा. तापलेल्या एबीएसचा धूर, राळेतून निघणारी वाफ आणि फायबरग्लास घासताना उडणारी धूळ ही तिन्ही फुप्फुसांना अपायकारक आहेत. बंद खोलीत किंवा स्वयंपाकाच्या भट्टीत हे काम करू नये. उघडी हवा, वाफा रोखणारी योग्य मुखपट्टी, हातमोजे व चष्मा यांवाचून कामास हात घालणे शहाणपणाचे नव्हे. चिलखत चढविल्यावर घाम बाहेर पडावयास वाट राहत नाही. म्हणून शिरस्त्राणात लहान पंखा बसवितात, दर अर्ध्या-पाऊण तासाने विसावा घेतात, आणि ज्याला चिलखत घातलेले नाही असा एक सोबती बरोबर ठेवतात.

मालकी कोणाची?

घरी केलेल्या या प्रतिकृतींचा कायद्याशीही संबंध येतो. मूळ शिरस्त्राणे काढणाऱ्या एन्सवर्थ यांनी २००४ मध्ये आपल्या जुन्या साच्यांवरून नवी शिरस्त्राणे काढून विकण्यास आरंभ केला. काही अमेरिकेतही विकली गेली. चित्रपटाच्या कंपनीने त्यांच्यावर दावा केला. इंग्लंडमध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व जुलै २०११ मध्ये निकाल लागला.

न्यायालयापुढे मुख्य प्रश्न असा होता: हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प आहे काय? शिल्प ठरले, तर त्यावर दीर्घ काळ कलाकृतीचा स्वामित्वहक्क राहणार होता. न्यायालयाने ते शिल्प नसल्याचा निर्णय दिला. शिरस्त्राण हे चित्रपट तयार करण्याचे एक साधन होते. चित्रपट ही कलाकृती असली, तरी तिच्यासाठी केलेली प्रत्येक वस्तू शिल्प ठरत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. अशा औद्योगिक वस्तूला मिळणारे अल्प मुदतीचे संरक्षण केव्हाच संपले होते. मात्र अमेरिकेतील स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दलचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकतो, असेही त्याच निकालात ठरले. म्हणजे एन्सवर्थ यांना पूर्ण विजय मिळाला नाही. प्रत्येक देशाचा कायदा निराळा असल्यामुळे हा निकाल सर्वत्र लागू होत नाही. स्वतःसाठी एक वेष करणे आणि प्रती काढून विकणे, या दोहोंतील अंतर मात्र त्यावरून कोणाच्याही ध्यानात यावे.

वेषाचा उपयोग

याच अंतरावर या छंदातील सर्वांत मोठी संघटना उभी आहे. १९९७ मध्ये अल्बिन जॉन्सन यांनी अमेरिकेत '५०१ वी लीजन' नावाची मंडळी सुरू केली. चित्रपटातील दुष्ट पक्षाचे वेष स्वतः बाळगणाऱ्या प्रौढ व्यक्तींनाच तिचे सभासद होता येते. वेषाची छायाचित्रे पाठवावी लागतात. लिखित नियमांशी त्यांचा तपशीलवार पडताळा घेतला जातो आणि त्रुटी असल्यास त्या सुधारून पुन्हा अर्ज करावा लागतो. किमान पातळीवर उतरलेल्यांसाठी पुढे अधिक काटेकोर पायऱ्याही आहेत. दहा हजारांहून अधिक सभासद असलेली ही मंडळी मानधन न घेता रुग्णालयांत, शाळांत व धर्मादाय कार्यक्रमांत जाते.

चित्रपटाच्या निर्मात्यांनीही या कामाची दखल घेतली. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील प्रसिद्ध मिरवणुकीत चित्रपटकर्ते जॉर्ज लुकास यांच्याबरोबर या मंडळीचे सुमारे दोनशे सभासद चालले. 'द मँडलोरियन' या मालिकेच्या चित्रीकरणात पुरेसे सैनिकी वेष उपलब्ध नव्हते, तेव्हा याच मंडळीच्या सभासदांना त्यांच्या घरी केलेल्या चिलखतांसह बोलावण्यात आले. पडद्यावरून घरात आलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा पडद्यावर गेली.

या खटाटोपाची खरी किंमत मात्र दुसऱ्याच एका घटनेवरून कळते. जॉन्सन यांच्या लहान मुलीला मेंदूचा असाध्य विकार जडला. आपल्या उशाशी पहाऱ्याला चित्रपटातल्यासारखा एक यंत्रमानव असावा, अशी तिची इच्छा होती. यंत्रमानवांच्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांची एक निराळी मंडळी आहे. तिच्या सभासदांनी मुलीच्या आवडीच्या गुलाबी रंगाचा यंत्रमानव तिच्यासाठी उभा केला. २००५ मध्ये ती मुलगी निवर्तली. पुढे पूर्णावस्थेस गेलेला तो यंत्रमानव आजारी मुलांच्या मदतीसाठी गावोगावी फिरला आणि २०१५ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातही दिसला.

रुग्णालयातील मुलाला जोडपट्टीची रुंदी ठाऊक नसते, भिंगे सपाट की फुगीर याचीही त्याला पर्वा नसते. परंतु पडद्यावर पाहिलेला सैनिक आणि दारातून आत येणारा सैनिक यांत त्याला फरक जाणवला, तर त्याच क्षणी भ्रम मोडतो आणि उरतो तो प्लॅस्टिक पांघरलेला एक अनोळखी माणूस. रात्री जागून घासलेल्या कडा, तीन तीन दिवस चिमट्यांत धरलेले सांधे आणि मूळ कारागिराच्या घाईतल्या चुकाही जपण्याचा हट्ट, यांचे प्रयोजन एवढेच असते की, तो क्षण येऊ नये.